हातगाडीच्या ट्रेकला निघताना : वाचकांचे प्रश्न

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की आमच्याकडे एकाच विषयावरचे प्रश्न गोळा होतात. शेजारच्या, वर्गातल्या मुलांबरोबर आपलं पोर लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्चच्या ‘ट्रेक’ला निघालेलं असतं आणि घरात कुणालाच नीट माहीत नसतं की हे प्रकरण काय आहे. काही पत्रं चर्चचे सभासद असलेल्या मराठी कुटुंबांचीही आहेत. त्यांना इतिहास माहीत आहे, पण गाडी उतारावर कशी धरायची ते माहीत नाही. या अंकात दोघांचेही प्रश्न घेतले आहेत.

मुलगी सोळा वर्षांची आहे. मैत्रिणींबरोबर चार दिवस ‘पायोनियर ट्रेक’ला जायचं म्हणते. आम्ही त्या चर्चचे नाही. हे शिबिर आहे, सहल आहे की धार्मिक यात्रा?
— एक आई, लेहाय, युटा

तिन्हीचं थोडं थोडं. 1847 साली आपले नेते ब्रिगॅम यंग यांच्यामागून या पंथाचे पहिले लोक सॉल्ट लेकच्या खोऱ्यात उतरले. 24 जुलैला युटात सुट्टी असते ती त्याचीच. पुढे युरोपातून येणाऱ्यांत गरीब फार. बैल आणि छपराची वॅगन परवडेना, म्हणून 1856 ते 1860 या पाच वर्षांत दहा तांडे हातगाड्या ओढत चालत आले, सगळे मिळून जवळजवळ तीन हजार माणसं. सुरुवातीच्या तांड्यांच्या वेळी रेल्वे आयोवा सिटीला संपायची. तिथून सॉल्ट लेक सिटी सुमारे 2,100 किलोमीटर.

दहापैकी आठ तांडे मोठी आपत्ती न येता पोचले. 1856 चे शेवटचे दोन, विली आणि मार्टिन, उन्हाळा सरत आल्यावर निघाले. 19 ऑक्टोबरला वायोमिंगमध्ये त्यांना बर्फाने गाठलं आणि दोनशेहून जास्त माणसं दगावली. मुलांना ट्रेकमध्ये ज्या गोष्टी सांगतात त्या बहुतेक याच दोन तांड्यांच्या, त्यामुळे सगळेच तांडे असे मेले असा गैरसमज मुलं घेऊन येतात. तो आधीच काढून टाका.

आता ट्रेक. चौदा ते अठरा वयाच्या मुलामुलींसाठी तो साधारण चार वर्षांनी एकदा ठरतो, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सहसा एकदाच येतो. ट्रेक भरवतो तो ‘स्टेक’. वॉर्ड म्हणजे चर्चची एका वस्तीतली मंडळी. आजूबाजूचे अनेक वॉर्ड मिळून एक स्टेक. आठ-दहा मुलांचं एक ‘कुटुंब’ करतात, त्यांच्यावर एक जोडपं ‘मा’ आणि ‘पा’ म्हणून नेमतात आणि प्रत्येक कुटुंबाला एक हातगाडी देतात. तीन-चार दिवसांत पंचवीस ते चाळीस किलोमीटर चाल. जुन्या काळचे कपडे, फोन बंद, रात्री तंबू, संध्याकाळी गाणी आणि नाच, शेवटच्या रात्री श्रद्धेविषयी बोलण्याची सभा. आपल्याकडे दिंडीत सामान ट्रकमधून पुढे जातं, इथे ते स्वतःच ओढायचं असतं. हा फरक मुलीला आत्ताच सांगा.

मराठी वाचकांना एक नाव माहीत असायला हवं. मुंबईत जन्मलेली एलिझाबेथ झेवियर टेट विली तांड्यात होती. तिचा नवरा विल्यम टेट हिंदुस्थानात ब्रिटिश फौजेत होता. पुढे दोघांनी युटात, सीडर सिटीला संसार थाटला. ट्रेकमध्ये पुष्कळदा प्रत्येक मुलाला त्या तांड्यातल्या एका माणसाचं नाव देतात आणि ते त्याने चार दिवस बाळगायचं असतं. आपल्या घरात कुणी पूर्वज या वाटेने आलेला नसतो, म्हणून आपली मुलं त्या वेळी जरा बाजूला पडतात. संयोजकांना आधी सांगून हे नाव मागून घ्या. सहसा आनंदाने देतात.

मुलगा पंधराचा. दिवसभर खुर्चीत. ट्रेकला आठ आठवडे उरले आहेत. पुरतील का?
— एक वडील, बॉइसी, आयडाहो

पुरतील, पण आजपासून लागायला हवं. अडचण दमाची नसते, पंधराव्या वर्षी दम आपोआप वाढतो. अडचण तळपायांची, खांद्यांची आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळची असते. पहिला दिवस सगळेच चालतात. दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पायांवर पुन्हा उभं राहायची सवय नसते तिथे मुलं गळतात.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीनदा तीन-चार किलोमीटर, ट्रेकला जे बूट नेणार तेच घालून. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाच-सहा किलोमीटर, त्यात चढ-उतार आणि शक्य असेल तर खडीचा किंवा मातीचा रस्ता. फक्त डांबरावर चाललेला पाय वाळूत लगेच कुरकुरतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात एक लांब चाल आठ-दहा किलोमीटरची, पाठीवर चार-पाच किलो. सातवा आठवडा महत्त्वाचा : शनिवार आणि रविवार, लागोपाठ दोन दिवस, प्रत्येकी दहा किलोमीटर. एवढं झालं की ट्रेकमध्ये नवल वाटावं असं काही उरत नाही. आठव्या आठवड्यात फक्त हलकं चालणं.

ओढण्याची सवय वेगळी. अंगणात वापरतात ती चार चाकांची गाडी घ्या, तिच्यात वीस-पंचवीस किलो माती किंवा पाण्याचे कॅन भरा आणि मुलाला ती आठवड्यातून दोनदा चढावर अर्धा तास ओढू द्या. हातांनी ओढायचं नाही, अंग पुढे झुकवून पायांनी ढकलायचं, हे त्याला आपोआप कळेल. चामड्याचे साधे कामाचे हातमोजे आत्ताच घ्या. पहिल्या दुपारी तळहातांना फोड येतात ते हातगाडीच्या आडव्या दांडीमुळे.

बुटांबद्दल थोडक्यात : नवे बूट ट्रेकच्या आठवड्यात आणू नका. निदान सहा आठवडे वापरलेले, पुढे अंगठ्याइतकी जागा असलेले, कारण दुपारपर्यंत पाय सुजतात. जुन्या काळासारखे दिसणारे चामडी बूट लागत नाहीत, कुणी आग्रह धरला तर नम्रपणे नाही म्हणा. मोजे लोकरीचे किंवा सिंथेटिक. सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओली कातडी मऊ पडते आणि घासून सुटते. दोन पातळ मोजे एकावर एक घातले तर घर्षण मोज्या-मोज्यांत होतं, कातडीवर होत नाही. नखं चार-पाच दिवस आधी कापा, आदल्या रात्री नाही. आणि ‘इथे जरा गरम लागतंय’ असं वाटताच थांबून टेप लावायची हिंमत मुलाला शिकवा. सगळी गाडी आपल्यासाठी थांबेल या लाजेने मुलं गप्प बसतात आणि तासाभरात रुपयाएवढा फोड उठतो. लहान फोड फोडू नये. मोठा, दुखरा असेल तर तो प्रथमोपचारवाल्याने स्वच्छ सुईने कडेला टोचून पाणी काढावं, कातडी तशीच ठेवावी.

नातीसाठी घोळदार झगा, एप्रन आणि टोपी शिवायची आहे. बाजारात तयार पोशाख फार महाग दिसतात. माझ्याकडे जुन्या सुती साड्या आहेत. चालतील का?
— एक आजी, सध्या मुलाकडे, ओरेम, युटा

आजी, चालतील कसल्या, उत्तम आहेत. जर नसलेली, बारीक फुलांची किंवा चौकड्यांची सुती साडी काढा. रेशमी किंवा पॉलिएस्टर मिश्रणाची नको. शेकोटीची ठिणगी पडली की सुती कापडाला भोक पडतं, पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं.

साडीचा पन्हा साधारण 115 सेंटीमीटर असतो आणि तोच झग्याच्या उंचीला वापरायचा. म्हणजे लांबीतून 2.2 मीटर फाडलं की झग्याचा पूर्ण घेर एका तुकड्यात, शिलाई एकच, मागे. काठ खाली आला तर वेगळी दुमड घालायची गरजही नाही. उंची वरून कापून जुळवा. कंबरेपासून घोट्यापर्यंत माप घ्या, त्यातून सात-आठ सेंटीमीटर वजा करा आणि नेफ्यासाठी चार सेंटीमीटर धरा. घोट्यापर्यंत लोळणारा झगा छायाचित्रात शोभतो, पण गाडीला मागून ढकलताना चढावर मुलगी स्वतःच्याच झग्यावर पाय देऊन तोंडावर पडते. ट्रेकमध्ये मुलींच्या पडण्याचं मोठं कारण हेच. घेर 2.2 मीटरपेक्षा वाढवू नका, जास्तीचं कापड चाकाच्या आऱ्यांत ओढलं जातं.

साडेपाच मीटरच्या साडीत असे दोन झगे निघतात (दोन हवेतच, एक भिजतो) आणि मीटरभर उरतं त्यात एप्रन आणि टोपी. टोपीचा पुढचा पट्टा दहा-बारा सेंटीमीटर रुंद ठेवा आणि आत कडक अस्तर भरा, नाहीतर वारा आला की तो डोळ्यांवर पडतो. मागे मान झाकणारी झालर विसरू नका, वायोमिंगच्या उन्हात मान आधी भाजते. कंबरेला इलॅस्टिक, दोन्ही बाजूंना खोल खिसे. आत गुडघ्यापर्यंतचा मऊ चोळणा किंवा लेगिंग्ज हव्यातच, मांड्या घासून जे हाल होतात ते मुली घरी आल्याशिवाय सांगत नाहीत.

नातू असेल तर सोपं. त्या काळातले कामकऱ्यांचे शर्ट डोक्यातून घालायचे, अर्ध्या बटणपट्टीचे असत, म्हणजे जवळजवळ आपला सदराच. साधा सुती सदरा कंबरेखाली वीतभर ठेवून कापा, खाली सैल पँट, वर गॅलिस आणि रुंद काठाची टोपी. जीन्स चालतात का हे स्टेकला विचारा, काही ठिकाणी नको म्हणतात.

आम्हाला एक बादली दिलीये, तिच्यातच सगळं बसवायचं म्हणे! कसं शक्य आहे? आणि एक प्रश्न लाजत विचारते, त्याच दिवसांत पाळी आली तर?
— एक चौदा वर्षांची मुलगी, मेसा, अॅरिझोना

शक्य आहे. ती पाच गॅलनची, म्हणजे सुमारे एकोणीस लिटरची झाकणाची बादली. तुझी पेटी, तुझं स्टूल आणि पाऊस आला तर तुझं कोरडं कपाट. स्लीपिंग बॅग बाहेर, कचऱ्याच्या जाड काळ्या पिशवीत दोनदा गुंडाळून.

मूळच्या प्रवाशांना मोठ्या माणसामागे 17 पौंड, म्हणजे पावणेआठ किलो सामान नेता येई, त्यातच अंथरूण-पांघरूणही. पुष्कळ ठिकाणी तोच नियम मुलांना लावतात. तर तळाशी दुसऱ्या दिवशीचे कपडे गुंडाळी करून, प्रत्येक दिवसाचा संच वेगळ्या झिपच्या पिशवीत. मोज्यांच्या चार जोड्या. रात्रीसाठी लोकरीचा किंवा फ्लीसचा स्वेटर आणि कानटोपी. मेसाहून येणाऱ्या मुली ‘जूनमध्ये कसली थंडी’ म्हणून हेच घरी ठेवतात. मार्टिन तांड्याने बर्फात आसरा घेतला ती वायोमिंगमधली मार्टिन्स कोव्ह ही जागा सुमारे 1,800 मीटर उंचीवर आहे, तिथे जूनच्या रात्रीही पारा एक आकडी होऊ शकतो आणि वारा थांबत नाही. ऑक्टोबर 1856 मध्ये मार्टिन तांड्याने डियर क्रीकपाशी ओझं कमी करायला माणशी दहा पौंडांवर सामान आणलं, त्यात पांघरुणंही टाकली. दोनच दिवसांनी बर्फ पडला. वजन कमी करायचं असेल तर शॅम्पू काढ, स्वेटर काढू नकोस.

वरच्या बाजूला लगेच लागणाऱ्या वस्तू : रेनकोट, सनस्क्रीन, ओठांचं बाम, टेप, छोटी टॉर्च, डास पळवायचं मलम. वायोमिंगमधल्या स्वीटवॉटर नदीकाठी संध्याकाळी डास तुटून पडतात. ताट, चमचा, पेला पातळ कापडी पिशवीत घालून बादलीच्या कडीला. झाकण आधी दोन-तीनदा उघडून बघ. नवं झाकण इतकं घट्ट बसतं की थंड बोटांनी उघडत नाही.

पाळीचं. लाजू नकोस, शंभर मुलींच्या तांड्यात रोज कुणा ना कुणाची असतेच. तारीख नसली तरी सामान ने, कारण श्रमाने ती पुढे-मागे होऊ शकते. अपारदर्शक झिप पिशवीत पॅड, ओले रुमाल, हात स्वच्छ करायचं जेल आणि वापरलेल्या गोष्टींसाठी रिकाम्या दोन पिशव्या. ही पिशवी बादलीत नको, झग्याच्या खिशात ठेव. दिवसभर बादली गाडीत खाली दबलेली असते. फिरती शौचालयं वाटेत ठरावीक ठिकाणीच असतात, तिथे पोचल्यावर गरज नसली तरी जाऊन ये. तुमच्या ‘मा’ला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंस तर ती थांबे त्याप्रमाणे धरेल.

आम्ही चर्चचे सभासद आहोत आणि यंदा ‘मा-पा’ आहोत. आमच्या कुटुंबात नऊ मुलं. गाडी हाकण्याचं प्रशिक्षण तासाभराचंच होणार आहे. नेमकं काय सांभाळायचं?
— एक जोडपं, सॉल्ट लेक सिटीजवळून

एका तासात नियम सांगून होतात, हात बसत नाही. म्हणून निघण्याआधी निदान एकदा भरलेली गाडी तासभर तरी फिरवून घ्या.

आधी भरण्याचं. ज्यांनी गावाकडे बैलगाडी भरताना पाहिली असेल त्यांना हे ठाऊक आहे : गाडी ‘उलार’, म्हणजे मागे जड, होता कामा नये आणि पुढे जडही होता कामा नये. दोन चाकांच्या गाडीत जड वस्तू आखाच्या बरोबर वर आणि किंचित पुढे. मागे भार गेला की दांड्या आभाळाकडे उठतात आणि पुढचा मुलगा लोंबकळतो, फार पुढे गेला की दांडी सतत मनगटांवर बसते. हिशेब करा : नऊ बादल्या प्रत्येकी सात किलो म्हणजे 63, स्लीपिंग बॅगा 18, पाण्याचा पाच गॅलनचा कूलर 19, ताडपत्री, दोर आणि प्रथमोपचार मिळून दहा. एकशेदहा किलो आणि गाडीचं स्वतःचं वजन वेगळं. मूळच्या गाड्या रिकाम्या सुमारे 60 पौंडांच्या असत, आजच्या लोखंडी आखाच्या गाड्या बऱ्याच जड असतात. पाण्याचा कूलर मध्ये, आखावर. बादल्या त्याच्या दोन्ही बाजूंना सारख्या. अंथरुणं सर्वांत वर आणि दोराने आवळलेली. दुपारी पाणी संपत येतं तसा तोल बदलतो, तेव्हा एकदा पुन्हा लावून घ्या.

माणसांची मांडणी : आडव्या दांडीच्या आत दोघं, दांडीला बाहेरून लावलेल्या दोरांवर दोघं, मागे ढकलायला दोघं-तिघं, उरलेले विश्रांतीवर, पण चालत. दर वीस मिनिटांनी जागा बदला. नाहीतर दोन दांडगी मुलं दिवसभर पुढे राहतात आणि संध्याकाळी तीच आजारी पडतात.

उतार हा खरा धोका. चढावर गाडी थकवते, उतारावर चिरडते. उतार सुरू होण्याआधी थांबा. मागच्या बाजूला दोन दोर बांधून त्यावर चौघं मागे ओढत राहतील. दांडीच्या आत फक्त दोन मोठी, जड मुलं, टाचांवर भार देऊन. पुढच्या गाडीत आणि आपल्यात निदान वीस मीटर अंतर. गाडी सुटलीच तर तिला अडवायला कुणी पुढे धावायचं नाही. आतल्या दोघांनी दांडी खाली सोडून बाजूला व्हायचं, दांडी जमिनीत रुतते आणि गाडी थांबते. हे पाठ करून घ्या, कारण घाबरलेलं मूल पकड आणखी घट्ट करतं. उतारावर थांबताना दोन्ही चाकांखाली दगड. गाडीवर कुणी बसायचं नाही, पाय मुरगळलेल्यानेही नाही. त्याच्यासाठी मागून येणारं वाहन असतं. चाकापाशी हात आणि झगा न्यायचा नाही.

रोज सकाळी चाकाचा तुंबा (मधला गोळा) आणि आख बघा. खिळी जागेवर आहे का, चाक डुगडुगतं का, धाव (चाकावरची लोखंडी पट्टी) सैल झाली का. 1856 च्या गाड्या घाईत, न मुरलेल्या ओल्या लाकडाच्या केलेल्या होत्या. माळरानाच्या कोरड्या हवेत लाकूड आकसलं, धावा सुटल्या, आखांत धूळ जाऊन ते झिजले. वंगण नव्हतं तेव्हा लोकांनी साबण आणि खारवलेल्या मांसाची चरबी लावली, तिला धूळ चिकटून झीज आणखी वाढली. तुमच्या गाडीला तो त्रास नसेल, पण करकर आवाज आला की वंगण मागा. भाड्याच्या गाड्या वर्षभर उघड्यावर उभ्या असतात.

उन्हात पाणी किती द्यायचं? ‘जितकं जास्त तितकं चांगलं’ हे बरोबर आहे का?
— स्वयंसेवक परिचारिका, आयडाहो फॉल्स

नाही. चालताना दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, तासाला पाऊण ते एक लिटर. तासाला सुमारे 1.4 लिटरच्या वर जाऊ देऊ नका. फक्त पाणी ढोसत राहिलं आणि मीठ पोटात गेलं नाही तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, मूल गोंधळतं, आणि हे सगळं उन्हाच्या त्रासासारखंच दिसत असल्याने लोक त्याला आणखी पाणी पाजतात. म्हणून विचारायचा प्रश्न : गेल्या तीन तासांत किती प्यायलास, लघवीला किती वेळा गेलास? खूप पाणी, वारंवार स्वच्छ लघवी आणि तरी डोकं दुखतंय, तर पाणी थांबवा, खारं खायला द्या आणि डॉक्टरला दाखवा. प्रत्येक थांब्यावर खारे शेंगदाणे किंवा बिस्किटं आणि अधूनमधून इलेक्ट्रोलाइटची पूड हवीच.

उन्हाने थकलेलं मूल घामाघूम, फिकट, चक्कर येणारं असतं. त्याला सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, पाणी आणि मीठ द्या. बोलणं असंबद्ध झालं, चाल झोकांडली, तर तो उष्माघात. अशा वेळी आधी गार करा, मग हलवा. असेल नसेल ते पाणी अंगावर ओता, वारा घाला, बर्फ असेल तर मानेला, काखेत, जांघेत. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नका, श्रम करणाऱ्या माणसाला घाम असतानाही तो होतो. जून 2016 मध्ये ओक्लाहोमातल्या ट्रेकवर उष्म्यामुळे एका तरुण स्वयंसेविकेचा जीव गेला. मुलांवर नजर ठेवणारी मोठी माणसं स्वतः प्यायला विसरतात. सगळ्यांच्या पाण्याचा हिशेब ठेवा, ‘मा-पा’ धरून.

दम्याचा पंप मुलाच्या खिशात असू द्या, गाडीत नको. पुढच्या वीस गाड्यांची धूळ मागच्याने गिळायची असते, म्हणून तोंडाला बांधायला सुती रुमालही. दुपारी ढग गडगडले की दांडी सोडून गाड्यांपासून दूर, सखल जागी, विखरून बसायचं.

आमचा मुलगा पूर्ण शाकाहारी. उपाशी राहील का?
— एक वाचक, लोगन, युटा

सांगितलं नाही तर अर्धा उपाशी राहील. नावनोंदणीच्या अर्जात लिहा आणि शिवाय जेवणाच्या समितीशी सहा आठवडे आधी बोला, कारण खरेदी घाऊक होते. ‘व्हेजिटेरियन’ एवढ्यावर भागत नाही. ‘मांस, मासे, चिकन नाही, त्यांचा रस्साही नाही, अंडं चालतं किंवा नाही’ असं फोडून सांगा. डच अव्हन म्हणजे झाकणाच्या जाड लोखंडी भांड्यातल्या बटाट्यांत बेकन असतं, चिलीत बहुधा बीफ, काही डबाबंद बीन्समध्ये डुकराची चरबी. शेकोटीवरच्या मार्शमेलोत आणि जेलोत जिलेटिन असतं, हे मुलालाच सांगून ठेवा. सकाळचा ओटमील, पीच कॉबलर, ब्रेड, चीज आणि फळं यावर निम्मं भागतं. बाकीचं तुम्ही द्या : दिवसाला मूठभर फुटाणे, दोन-तीन चिक्क्या, चार खाकरे. चकली नको, तिचा चुरा होतो. हा खाऊ रात्री तंबूत ठेवायचा नाही, समितीच्या बंद डब्यात द्यायचा. उंदीर, खारी आणि काही भागांत अस्वलंही येतात.

तिथे मुलांना रडवतात, बाहुल्या पुरायला लावतात, धर्मांतर करतात असं ऐकलं. खरं किती?
— एक आई, बाउंटिफुल, युटा

धर्मांतर करत नाहीत. पण कार्यक्रम धार्मिक आहे हे लपवतही नाहीत. रोज प्रार्थना, भजनं, शेवटच्या रात्री मुलं उभी राहून आपल्या श्रद्धेबद्दल बोलतात. तुमच्या मुलाला गप्प बसण्याची पूर्ण मोकळीक असते, हे त्याला आणि ‘मा-पा’ला दोघांनाही आधी सांगा.

रडवण्याचं मात्र स्टेकनिहाय बदलतं. बाळ म्हणून पिठाची पिशवी सांभाळायची आणि वाटेत ती ‘दगावली’ म्हणून पुरायची, असले प्रकार काही ठिकाणी होत आले आहेत. आमचं स्पष्ट मत, ते करू नयेत. घरात नुकता मृत्यू झालेलं मूल त्या घोळक्यात असतं आणि कुणाला पत्ता नसतो. संयोजकांना थेट विचारा. वायोमिंगमध्ये रॉक क्रीकला विली तांड्यातल्या एका रात्रीत मेलेल्या तेरा माणसांना एका खड्ड्यात पुरलं, एवढं शांतपणे सांगितलं तरी पुरतं.

‘विमेन्स पुल’ नावाचा एक टप्पा असतो. मुलगे बाजूला होतात आणि मुली एकट्या गाडी चढावर नेतात. कारण म्हणून पुष्कळदा मॉर्मन बटालियन सांगतात, म्हणजे अमेरिकी सैन्यात गेलेले सुमारे पाचशे पुरुष. ती गोष्ट 1846 ची, हातगाड्या दहा वर्षांनी आल्या. तांड्यात एकट्या गाडी ओढणाऱ्या बाया खरंच होत्या, विधवा होत्या, नवरा आजारी पडलेल्या होत्या. तीच खरी गोष्ट सांगावी. तसंच स्वीटवॉटर नदीतून तीन अठरा वर्षांच्या मुलांनी मार्टिन तांड्यातल्या सगळ्यांना उचलून नेलं आणि त्यातच पुढे मेले, ही कथा. इतिहासकारांनी कागद तपासल्यावर दिसलं की मदत करणारे तिघांहून जास्त होते, सगळे अठराचे नव्हते आणि सगळ्यांनाच काही उचलून नेलं नाही. मुलाला नदी ओलांडायला लावणार असतील तर पाणी गुडघ्याच्या खाली आहे ना आणि बूट घालूनच उतरणार ना, हे विचारा.

पालकांनी मुलाला पत्र लिहून संयोजकांकडे द्यायचं आहे. इंग्रजीत लिहू की मराठीत? काय लिहायचं?
— एक वडील, सेंट जॉर्ज, युटा

ट्रेकमध्ये एक तास प्रत्येकाला एकटं बसवतात आणि तेव्हा हे पत्र हातात देतात. ते फक्त तोच वाचतो, त्यामुळे भाषा तुमची तुम्ही ठरवा. मुलाला देवनागरी अडखळत वाचता येत असेल तर मराठीत लिहा, मोठ्या अक्षरांत, एका पानात. तासभर वेळ असतो, अडखळायला हरकत नाही. वाचता येत नसेल तर इंग्रजीत लिहून खाली घरी हाक मारता त्या नावाने सही करा. उपदेश, गुण, कॉलेज यातलं काही नको. त्याला आठवत नसलेली त्याच्या लहानपणची एखादी गोष्ट लिहा. पेन्सिलीने किंवा बॉलपेनने लिहा, शाईचं पेन नको, पाकीट भिजतं. पाकिटावर नाव आणि वॉर्ड इंग्रजीत, ठळक. आणि मुदतीच्या आधी द्या, कारण पत्र आलं नाही म्हणून त्या तासाला रिकाम्या हाताने बसलेलं एक तरी मूल दर ट्रेकला असतं.